पाचवं पाणी

…चौघी. एकमेकींना चिकटलेल्या, भोवती पातळ पारदर्शक कवच, जणू एकाच पांघरुणात शिरून बसलेल्या. आणि पांघरुणाच्या आत हिरव्या, लख्ख हिरव्या. तिचं बोट मोजणीयंत्राच्या बटणावर तसंच राहिलं. काचपट्टीवर आखलेल्या सोळा घरांपैकी हे नववं घर. तिनं सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू किंचित फिरवला, चौघी धूसर झाल्या. उलटा फिरवला, पुन्हा स्पष्ट झाल्या. भास नव्हता. शेजारच्या घरात पाहिलं, तिथेही चौघी. त्याच्या खालच्या घरात दोन जथे… म्हणजे आठ. तिनं बटण आठदा दाबलं.

बाटली नंबर अकरा. वेळ दहा वाजून वीस मिनिटं. तिनं दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, कारण लिहायच्याच असतात, आणि लिहिताना अक्षर नेहमीसारखं आलं याचं तिला बरं वाटलं.

शेवाळ मोजणं हे तिचं काम. असं सांगितलं की लोकांना दगडावरचं, पाय घसरवणारं शेवाळ आठवतं आणि ते मोजतात कसं, असं ते हसून विचारतात. हे शेवाळ डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो फक्त पाण्याला चढलेला रंग. क्लोरीनचं कुठलंही नवं औषध निघालं – टाक्या धुण्याचं, नळ साफ करण्याचं, पोहण्याच्या तलावात टाकायचं – की ते शेवटी वाहत वाहत कुठल्या तरी तळ्यात जाणार, आणि तिथे माशांच्या आधी हे मरणार. किती औषधाला किती मरतं, ते या प्रयोगशाळेत बघतात. अठरा बाटल्या, तीन-तीनचे सहा गट. पहिल्या गटात औषध नाही, नुसतं पाणी आणि शेवाळ. पुढच्या पाच गटांत चढती मात्रा. तीन दिवस दिव्याखाली, हलत्या टेबलावर. चौथ्या दिवशी ती मोजते. अकरा वर्षं मोजते आहे.

आणि मोजताना तिला ठाऊक नसतं की कुठल्या बाटलीत काय आहे. हा इथला नियम. कोठीवाले काका – काचसामान, रसायनं, किल्ल्या, सगळं त्यांच्या ताब्यात – बिस्किटांच्या जुन्या डब्यातून चिठ्ठ्या काढून बाटल्यांवर नंबर चिकटवतात, कुठला नंबर म्हणजे कुठली मात्रा हे एका कागदावर लिहितात, आणि तो कागद पाकिटात घालून पाकीट शर्टाच्या खिशात ठेवतात. मोजणाऱ्याला माहीत असलं की त्याचा डोळा खोटं बोलायला लागतो, असं बाई म्हणतात. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, शिकलेल्या पुष्कळ, आवाज कधी चढत नाही. संध्याकाळी पाच वाजता तिची मोजणी संपते, काका खिशातून पाकीट काढतात, बाई ते फोडतात, आकडे आपापल्या मात्रेसमोर जाऊन बसतात. तोवर ती आंधळी.

पण अगदीच आंधळी कशी असेन मी… मेलेल्या बाटल्या डोळ्यांनाच दिसतात. त्यांचं पाणी पांढुरकं होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. पंधरवड्यापूर्वी चाचपणी म्हणून हेच औषध एकदा लावून पाहिलं होतं, तेव्हा वरच्या दोन मात्रांनी सगळं साफ मारलं होतं. म्हणजे आज पांढऱ्या बाटल्या सहा हव्यात. तिनं टेबलाकडे पाहिलं. दोन, पाच, आठ, तेरा, सोळा. तिनं पुन्हा पाहिलं. पाच. आणि गच्च हिरव्या, ज्यांना औषधाचा वाराही लागलेला नाही अशा, तीनच असायला हव्यात. त्या चार होत्या. तीन, सात, चौदा – आणि अकरा.

तिनं तिसऱ्या बाटलीचा थेंब पुन्हा भिंगाखाली घेतला. एकेकट्या पेशी, होडीच्या आकाराच्या, मोकळ्या. सातवीतही तशाच. चौदावीतही. मग अकरावी… आणि पुन्हा ते जथे, ती कवचं. अकरा वर्षांत तिनं या बाटल्यांतून एकेकटीच पाहिली होती ही जात. खायलाप्यायला मिळालं, उजेड मिळाला, की ही जात कशाला कुणाला चिकटतेय? चिकटून बसते ती मार खाल्ल्यावर, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. कुठेतरी काय, या खोलीतल्या मधल्या कपाटातल्या जाड पुस्तकात, डाव्या पानावर.

मार खाल्लाय यांनी. मार खाऊन वाढल्यात. सगळ्यात कडक मात्रेत, किंवा तिच्या खालच्या, पण जिथे बाकीच्या पाचही बाटल्यांत काही उरलं नाही तिथे, या चौघी-चौघींनी बसून तीन दिवसांत बाटली हिरवी केली.

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. खिडकीपाशी का गेले होते मी? रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, त्याची बोटं काळी झाली होती, आणि त्याला वर बघून हाक मारावी, अहो, जरा वर या, असं तिला इतकं वाटलं की तिनं खिडकीची कडी उगाच लावली.

काका चहा घेऊन आले. पेले इथे ठेवायचे नसतात, म्हणून ते दारातच उभे राहतात आणि ती दारापर्यंत जाते. तिनं पेला घेतला तेव्हा तो बशीत वाजला. काकांनी बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“काय ताई, आज स्वेटर आणलाय वाटतं?”

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. थेंबात एक लांब, हिरवा, पीळदार प्राणी दिसला होता. तिनं बाईंना बोलावलं, बाईंनी पलीकडच्या इमारतीतल्या दोघांना बोलावलं, रांग लागली भिंगाशी, आणि शेवटी तो निघाला तिच्याच स्वेटरच्या बाहीचा धागा. बाई हसल्या नव्हत्या. बाईंनी फक्त “असू दे” म्हटलं होतं, आणि ते “असू दे” तिला त्या दोघांच्या हसण्यापेक्षा जास्त दिवस पुरलं. काकांनी मात्र तेव्हापासून स्वेटर सोडला नाही. उन्हाळ्यातसुद्धा.

तिनं सांगितलं नाही. नुसतं विचारलं, मंगळवारी औषध घालताना एखादी बाटली चुकली तर नसेल? काका दुखावल्यासारखे झाले. औषध बाईंनी स्वतः घातलं होतं, आणि ते शेजारी उभं राहून मोठ्यानं आकडे म्हणत होते. एक बाटली झाली की तिचं टोपण डाव्या ताटातून उजव्या ताटात. शेवटी डाव्या ताटात एकही टोपण नव्हतं. माझ्या लग्नात मी इतका जागा नव्हतो, ते म्हणाले. मग त्यांनी शर्टाचा खिसा हातानं दाबून पाहिला, जणू ती पाकीट मागेल अशी त्यांना भीती होती. मागावंसं वाटलं होतंच.

म्हणजे औषध पडलं होतं. दुपारपर्यंत ती हे एकच वाक्य मनाशी घोळवत राहिली आणि उरलेल्या बाटल्या मोजत राहिली. बारा, तेरा, चौदा. हात काम करत होते, बोट बटण दाबत होतं. आकड्यांना आपल्या मनात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं, हे त्यांचं तिला आवडत आलेलं होतं. पण त्या आकड्यांच्या मागे, पलीकडच्या खोलीत रेडिओ लागलेला असावा तसं, काहीतरी सारखं वाजत होतं. ही जात वेगळी निघाली तर? तिला नाव द्यावं लागेल. बाई लेख लिहितील. लेखात शेवटी, आभारांच्या जागी नाही, वर, नावांच्या ओळीत… नवऱ्याला सांगितलं तर तो काय म्हणेल? तो बसगाड्यांची वेळापत्रकं बसवतो, त्याला सगळ्यात जास्त आनंद एखादी गाडी वेळेवर आली की होतो. तो विचारील, म्हणजे आता आपल्या टाकीतलं शेवाळ मरणार नाही का? आणि मग आपण दोघं हसू. आणि लेकीला फोन करायचा… लेकीला…

इथे तो रेडिओ बंद झाला.

लेकीचा फोन. सोमवारी. सोमवार म्हणजे बाटल्या धुण्याचा दिवस.

तिनं डबा उघडला, दोन घास खाल्ले, बंद केला. बाटल्या धुणं हे इथलं सगळ्यात किचकट काम, आणि ते ती कुणाला देत नाही. आधीच्या प्रयोगाचं शेवाळ मरावं म्हणून बाटल्या रात्रभर ब्लीचमध्ये. मग ब्लीचचा अंश राहू नये म्हणून हायपोच्या पाण्यात. हायपो म्हणजे क्लोरीनवरचा उतारा, क्लोरीन दिसला की त्याला खाऊन टाकणारा. आणि मग हायपो राहू नये म्हणून शुद्ध पाण्यानं पाच वेळा विसळायचं. विषाचा उतारा, आणि उताऱ्याचाही उतारा. चार पाण्यांनी भागत नाही, पाचवं लागतं. कारण हायपोचा अंश जरी तळाशी राहिला तरी पुढच्या खेपेला त्या बाटलीत टाकलेलं औषध तो परस्पर खाऊन टाकेल, आणि शेवाळ मजेत वाढेल, आणि मोजणाऱ्या बाईला वाटेल की या पेशी काही औरच आहेत.

सोमवारी ती विसळत असताना फोन वाजला होता. लेक. नोकरी लागली, आठ दिवसांत जायचं, गाडीनं चौदा तासांच्या अंतरावर. आनंदानं तिचा आवाज फाटत होता. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून तिनं विचारलं, राहणार कुठे? कुणाबरोबर? खोलीला खिडकी आहे का? खिडकीचं का विचारलं मी, मला आजही कळत नाही… आणि लेक म्हणाली होती, आई, तू आधी खूश आहेस का ते सांग. आणि ती म्हणाली होती, आहे ना, आहे की गं, आणि हातात बाटली होती, गळ्यापर्यंत पाणी, आणि ते पाणी तिनं ओतलं होतं. किंवा ओतून बाटली सरळ सुकायला लावली होती. कितवं पाणी होतं ते? तिसरं? चौथं? ती बाटली हीच होती का? तेव्हा तर बाटल्यांवर नंबरही नव्हते.

धुण्याची वही तिनं फडताळातून काढली. अठरा ओळी, प्रत्येक ओळीत पाच चौकटी, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. नव्वद खुणा, सगळ्या एकाच वळणाच्या, एकाच शाईच्या, एका बैठकीत केलेल्या. कारण ओल्या हातानं दर पाण्याला कोण पेन उचलणार? सगळं धुऊन झालं की हात पुसायचे आणि सरसकट नव्वद खुणा करायच्या. तिला कामावर घेतलं तेव्हा आधीच्या बाईनं असंच शिकवलं होतं, आणि तिनं कधी पाणी चुकवलं नव्हतं. निदान चुकवलंय असं तिला कधी वाटलं नव्हतं. हे आणि ते एकच आहे असं अकरा वर्षं धरून चालली होती ती.

गंमत अशी – आणि दुपारी तीन वाजता, दोन बाटल्या मोजायच्या राहिलेल्या असताना, तिला खरोखर ही गंमतच वाटली – की वही तिच्या बाजूनं होती. बाई विचारणार. बाई नक्की विचारणार, कारण बाईंच्या डोक्यात पहिली गोष्ट हायपोच येईल. पाच पाणी झाली होती? झाली होती, बाई. ही पाहा वही. आणि मग अकरा नंबरची बाटली खरी. औषध पडलं, बाटली स्वच्छ, आणि पेशी जगल्या. कुणी तिला खोटं ठरवू शकणार नाही, कारण खोटं कुठे आहे? झालीही असतील पाच. अठरांपैकी सतरांची झालीच. आणि त्या जथ्यांचं काय? हायपोनं औषध खाल्लं असतं तर पेशींना मार बसला नसता, त्या एकेकट्या राहिल्या असत्या… पण हायपोनं अर्धंच खाल्लं असेल तर? अर्ध्या मारालाही चिकटत असतील. तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. एवढ्याशा बाटलीत इतकं माहीत नसलेलं मावतं याचंच तिला नवल वाटत होतं, आणि भीती वाटायला हवी तिथे तिची छाती सकाळसारखीच धडधडत होती.

पाचला पाच कमी असताना बाई आल्या. अहवाल आजच जायचा होता. काकांनी खिशातून पाकीट काढलं. ते त्यांच्या अंगाच्या उबेनं वाकलं होतं. बाईंनी ते फोडलं आणि एकेक नंबर वाचत गेल्या, आणि ती समोर आकडे भरत गेली. तीन, सात, चौदा: औषध नाही. ठीक. मग मधले गट. दोन, आठ, सोळा: वरून दुसरी मात्रा, शून्य, शून्य, शून्य. आणि सगळ्यात कडक मात्रा, पाच, तेरा…

“अकरा,” बाई म्हणाल्या, आणि तिनं भरलेला आकडा पाहून थांबल्या.

त्यांनी वहीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग भिंगाशी बसल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी नुसती मान वर केली, आणि त्यांच्या गालावर भिंगाच्या कडेची गोल खूण उमटली होती, आणि त्या क्षणी त्या तिच्या लेकीएवढ्या दिसल्या. काका स्वेटरबद्दल काही बोलले नाहीत.

नियमाप्रमाणे बाई म्हणाल्या ते बरोबरच होतं. तीनांतली एक बाटली वेगळी निघाली तर ती वगळायची, खाली टीप द्यायची, अहवाल पाठवायचा, आणि सगळ्या बाटल्या ब्लीचच्या बादलीत. पण त्या हे सांगत होत्या आणि बाटली हातातून सोडत नव्हत्या. आणि खरी निघाली तर, त्या म्हणाल्या, मी आज अहवाल थांबवते. वर मी सांगेन. मग त्यांनी विचारलंच.

“ताई, पाच पाणी झाली होती ना हिची?”

धुण्याची वही टेबलावर होती. तिनंच काढून ठेवली होती, उघडी, त्याच पानावर. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा. नव्वद खुणा त्यांना तिथूनही दिसत असणार. हो म्हणायला तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसती मान पुरली असती, आणि मान अर्धी हललीही होती असं तिला नंतर वाटत राहिलं.

“तीन नक्की झाली, बाई. पुढचं मला सांगता येत नाही.”

“वहीत तर आहेत.”

“वहीतल्या खुणा मी शेवटी एकदम करते,” ती म्हणाली. “सगळ्याच. पहिल्यापासून.”

काकांनी रिकामं पाकीट उलटं करून आत काही राहिलंय का ते पाहिलं. बाईंनी बाटली हलकेच खाली ठेवली. पहिल्यापासून, त्या स्वतःशी म्हणाल्या. आणि तिला दिसलं की त्या आता अकरा वर्षांचे अहवाल मोजतायत, सह्या केलेले, पाठवलेले, कुठल्या कुठल्या तळ्यांच्या नावानं कपाटात लावलेले. मग त्या म्हणाल्या, मला जरा फोन करू द्या, आणि आतल्या खोलीत गेल्या. जाताना दार त्यांनी लोटलं, लावलं नाही. “असू दे” त्या म्हणाल्या नव्हत्या.

“अहो, हो म्हणायचं ना,” काका हळू आवाजात म्हणाले. “कोण बघायला आलं होतं?”

ते रागावले होते, आणि त्यांचा राग तिच्यासाठी होता, हे तिला कळलं. तिनं त्यांच्याकडे एक कोरी नळी मागितली, कंपनीची सीलबंद, जिला इथलं कुठलंच पाणी लागलेलं नाही अशी. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, कपाट उघडलं, नळी दिली, आणि नोंद करायला विसरले. किंवा विसरले नसतील.

अकराव्या बाटलीतला एक थेंब तिनं नळीत घेतला, ताजं पाणी घातलं, उजेडात धरलं. काहीच दिसत नव्हतं; एका थेंबाचा रंग एवढ्या पाण्यात कुठे दिसणार? नळीवर काय लिहावं याचा तिनं विचार केला आणि नुसती तारीख लिहिली. आता लाज येईल म्हणून ती वाट पाहत होती, आणि ती आलीही, कानामागून, मानेवरून, ओळखीच्या वाटेनं. उद्या कदाचित इथे यायचं नसेल, कदाचित धुण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल, कदाचित अकरा वर्षं कपाटातून बाहेर काढून टेबलावर मांडली जातील आणि मी समोर बसलेली असेन… हे सगळं ती नीट, एकेक करून पाहत होती. आणि पाहत असतानाच तिचं मन कधीच निसटून पुढे गेलं होतं. दाटायला आठ दिवस. पहिली चाचणी तीन. खात्रीसाठी आणखी दोनदा, म्हणजे वीस-बावीस दिवस धरा. त्यांना पुन्हा मारून पाहायचं, या वेळी अर्ध्या मात्रेपासून सुरू करून. मेल्या तर हायपो. जगल्या तर… आणि समजा मेल्या, तरी अर्ध्या मारानं त्या चिकटून बसतात का, हे तर कळेलच की, तेही अजून कुणाला कुठे ठाऊक आहे!

आतल्या खोलीतून बाईंचा आवाज येत होता, न चढणारा, मध्येच थांबणारा, तिच्याविषयीच काहीतरी सांगत असणारा. तिला ऐकायचं होतं. कान देऊनही पाहिलं तिनं. पण शब्द येत होते आणि निघून जात होते. ती दिवस मोजत होती, बाविसावा दिवस शनिवारी येतोय की रविवारी, आणि रविवारी आला तर दाराची किल्ली कुणाकडे मागायची.